प्रकल्प नोंदी: रेव्हीनंतर कोण?

३ फेब्रुवारी

काम ठरलं. 'ब्लॅक लगून' ही ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका संपवून बसलेल्या माणसाने पुढे काय बघावं, हे सांगणारी एक यादी करायची. मराठीत. प्रत्येक नावाखाली चार-पाच ओळी, आणि त्या ओळींत नुसतं कौतुक नको. मी लिहायचं आणि मैत्रिणीने खोडायचं, अशी वाटणी आहे. खोडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

ॲनिमे बघणाऱ्यांत "रेव्हीसारखी अजून कोणी आहे का?" हा प्रश्न सतत येतो; रेव्ही म्हणजे या मालिकेतली बंदूकबाज नायिका. उत्तरादाखल तीच आठ-दहा नावं एका दमात फेकली जातात. विचारणारा त्यातलं पहिलं लावतो, दोन भागांत कंटाळतो आणि परत विचारतो. नावं चुकीची नसतात, पण कोणतं कोणासाठी हे कोणी सांगत नाही. आमच्या यादीने तेवढं केलं तरी पुष्कळ.

५ फेब्रुवारी

आधी मूळ मालिकेचीच नोंद. ताडून कशाशी बघायचं हेच नक्की नसेल तर यादी भरकटणार.

रेई हिरोए यांची मांगा (जपानी चित्रकथा) २००२ पासून 'संडे जीन-एक्स' मासिकात. ॲनिमे मॅडहाउसचं, दिग्दर्शक सुनाओ काताबुची. २००६ या एकाच वर्षात बारा-बारा भागांचे दोन सीझन, नंतर २०१०-११ मध्ये पाच भागांचं 'रोबर्टाज ब्लड ट्रेल'. थायलंडमधलं रोआनापूर हे काल्पनिक बंदर. तिथे रशियन, चिनी, इटालियन आणि कोलंबियन टोळ्या एकमेकींच्या नरड्यावर हात ठेवूनच नांदतात. डच नावाच्या म्होरक्याच्या टॉर्पेडो बोटीवरून माल इकडचा तिकडे करणं हा लगून कंपनीचा धंदा. रेव्हीला लोक 'टू हँड्स' म्हणतात, कारण दोन्ही हातांत एकेक बेरेटा पिस्तूल आणि दोन्ही हातांचा नेम सारखाच पक्का.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला मालिका खरी पकडते ती पहिल्या सीझनच्या मध्यावर. समुद्राच्या तळाशी बुडालेली जर्मन पाणबुडी, आत सांगाडे, आणि रेव्ही मेलेल्या सैनिकांची पदकं उचलते. तिचा साथीदार रॉक म्हणतो, राहू दे. ती म्हणते, याला विकलं तर पैसे, नाहीतर नुसतं लोखंड. ही ठिणगी नंतर बाजारात पेटते. भर गर्दीत ती त्याच्यावर पिस्तूल रोखते, तो तिचा हात झटकतो आणि तिच्या तोंडावर तिला सुनावतो. शेवटी पोलिसांच्या गाडीत एकाच्या सिगारेटवर दुसरी सिगारेट पेटते. गोळी एकच सुटते, तीही कोणाला लागत नाही. तरी हा भाग काढून टाकला तर बाकीच्या तेवीस भागांतली धुमश्चक्री पोकळ वाटेल.

काताबुची यांनी पूर्वी 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'वर सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलं होतं आणि पुढे २०१६ मध्ये 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' केला. यादीत ही माहिती जाणार नाही, पण इतक्या हाणामारीच्या मालिकेत दोन माणसं बसून बोलतात ते प्रसंग असे का उतरतात, याचं उत्तर मला तिथे सापडतं.

६ फेब्रुवारी

शीटचे रकाने ठरवले. नाव, वर्ष, स्टुडिओ, भाग हे सरकारी रकाने झाले. कामाचे चारच आहेत.

'बाई की मुलगी': रेव्ही विचारणाऱ्याला बहुतेक वेळा मोठी बाई हवी असते, शिव्या देणारी, दारू पिणारी, स्वतःच्या पैशाने जगणारी. या प्रकारातल्या निम्म्या मालिकांत मात्र शाळेच्या गणवेशातली मुलगी असते. हा फरक आधीच न सांगणं म्हणजे फसवणूक.

'बंदूक कशासाठी': धंदा, हुकूम, सूड, खेळ की नुसता दिखावा.

'जग': माफिया, सरकारी खातं, भविष्यकाळ, विनोद.

आणि चौथा रकाना, ज्यावरून आज मैत्रिणीशी तासभर वाजलं, तो म्हणजे 'किंमत'. चाप ओढल्यावर त्या बाईचं काय होतं? काहीच होत नसेल तर तसं लिहायचं, त्यात कमीपणा नाही. पण मालिका एकमेकींसारख्या आहेत की नाहीत, हे माझ्या मते याच रकान्यावरून ठरतं. बंदुकीचं मॉडेल सारखं असून काही उपयोग नाही. तिचं म्हणणं, "लोकांना गोळीबार बघायचा असतो, तू त्यांना पश्चात्ताप विकतोयस." रकाना ठेवला. तिच्यासाठी पाचवा वाढवला: 'गोळीबार कसा काढलाय'. तोही रास्त आहे.

१० फेब्रुवारी

कच्ची नावं गोळा केली. त्यातली काही लगेच बाजूला काढली.

'डर्टी पेअर' (१९८५, सनराइझ): केई आणि युरी या दोघी म्हणजे या सगळ्यांच्या थोरल्या बहिणी. अंतराळात गुन्हे सोडवतात आणि सोडवता सोडवता आख्खी शहरं जमीनदोस्त होतात. मस्त आहे, पण रेव्हीच्या वाटेवरचं नाही. 'जुनं बघायला हरकत नसेल तर' या खान्यात.

'बर्स्ट एंजल' (२००४, गॉन्झो): जो या नायिकेचा चेहरा आणि अबोलपणा लक्षात राहतो, कथा राहत नाही. यादीत नाही.

नुसते कपडे फाटण्यासाठी गोळीबार असलेल्या तीन-चार मालिका न लिहिताच सोडल्या. नावंही लिहीत नाही, उगाच कोणी शोधत बसेल.

१२ फेब्रुवारी

'जॉर्मुनगांड'. पहिला नंबर हिला द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. नाव तर येणारच.

केईतारो ताकाहाशी यांची ही मांगा 'ब्लॅक लगून'च्याच मासिकात, 'संडे जीन-एक्स'मध्ये आली होती. ॲनिमे २०१२ मधलं, व्हाइट फॉक्स स्टुडिओ, बारा-बाराचे दोन सीझन, दुसऱ्याचं नाव 'परफेक्ट ऑर्डर'. कोको हेकमातियार ही शस्त्रांची व्यापारी. तिच्याभोवती अंगरक्षकांचं पथक, त्यात योना हा बालसैनिक. शस्त्रांनी त्याच्या माणसांचा जीव घेतला म्हणून त्याला शस्त्रांचा तिटकारा, आणि तरी तो शस्त्रं विकणारीच्या मागे उभा राहून तिच्यासाठी गोळ्या झाडतो. पहिल्या भागापासून हा पेच डोक्यात बसतो.

मेख अशी की कोको स्वतः फारशी बंदूक चालवत नाही. ती हसते. त्या हसण्याला समोरचे सेनापती घाबरतात. बंदूक हवी असेल तर वाल्मेत आहे: एका डोळ्याची, फिनलंडच्या सैन्यातून आलेली, कोकोवर जीव टाकणारी, सुरी आणि मशीनगन दोन्हींत तरबेज. आफ्रिकेत तिच्या तुकडीचं काय झालं आणि ती त्याचा हिशेब कसा मागते, हा तुकडा नुसत्या रेव्हीच्या चाहत्याला दाखवला तरी तो उरलेली मालिका स्वतःहून बघेल.

मैत्रिणीची हरकत: रोआनापूरमध्ये घाण अंगाला लागते, इथे सगळे इस्त्रीच्या कपड्यांत विमानतळावर उभे असतात. हरकत खरी आहे. तीच यादीत लिहायची. 'ब्लॅक लगून गल्लीतून दिसणारा शस्त्रांचा धंदा दाखवतं, जॉर्मुनगांड तोच धंदा व्यापाऱ्याच्या मेजावरून दाखवतं.' तिने हे वाक्य खोडलं नाही. नोंद करून ठेवण्यासारखी घटना.

शेवटाबद्दल एक अक्षर नाही. कोकोच्या मनात काय चाललंय हे दुसऱ्या सीझनमध्ये ज्याचं त्याला कळू दे.

१६ फेब्रुवारी

बी ट्रेन स्टुडिओ आणि दिग्दर्शक कोइची माशिमो यांच्या तीन मालिका: 'न्वार' (२००१), 'मॅडलॅक्स' (२००४), 'एल काझादोर दे ला ब्रूहा' (२००७). प्रत्येकी सव्वीस भाग. कथा एकमेकींना जोडलेल्या नाहीत, तरी चाहते त्यांना त्रिकूटच मानतात.

'न्वार'वर वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बंदूकवाल्या मुलींचं ॲनिमे म्हटलं की जुने लोक पहिल्यांदा हीच पुढे करतात, आणि 'ब्लॅक लगून'वरून आलेला नवा प्रेक्षक हिच्यावरच पहिल्यांदा आपटतो. पॅरिसमधली मिरेल बुके ही पैसे घेऊन माणसं मारणारी. जपानमधली किरिका ही शाळकरी मुलगी. स्वतःबद्दल तिला काही आठवत नाही, फक्त हाताला नेम आठवतो. एका खिशातल्या घड्याळातलं संगीत दोघींना एकत्र आणतं आणि मिरेल तिला सांगून ठेवते की सत्य कळलं की मी तुला मारणार. पुढची भागीदारी या वाक्याच्या सावलीत चालते.

आता अडचण. मालिका संथ आहे. मागे युकी काजिउरा यांचं संगीत, पुढे दोघी कबरस्तानात चालताहेत, आणि काळ्या कोटातली माणसं एकामागून एक पडताहेत. रक्ताचा थेंब दिसत नाही. रेव्हीच्या दारूगोळ्याची सवय लागलेल्याला हे नाटकाच्या तालमीसारखं वाटू शकतं. पण किरिकाला मारताना काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचंच तिला वाईट वाटतं. 'किंमत' या रकान्यात मी सर्वांत जास्त मजकूर हिच्यापुढे लिहिला.

यादीत सूचना: रोज एक-दोन भाग, एका बैठकीत नाही. क्लोई ही तिसरी मुलगी येईपर्यंत थांबा.

१७ फेब्रुवारी

उरलेल्या दोघी. 'मॅडलॅक्स'मध्ये यादवी युद्ध चाललेला गाझ्थ-सोनिका हा काल्पनिक देश, तिथली भाडोत्री सैनिक मॅडलॅक्स आणि दूर शांत देशातली मार्गारेट. पहिले दहा भाग धड कळत नाहीत, मग गूढविद्या शिरते आणि अजूनच कळेनासं होतं. मला आवडते. शिफारस करणार नाही.

'एल काझादोर' उलट हलकी आहे. नादी ही इनाम घेऊन माणसं पकडणारी, एलिस ही जिच्यावर इनाम लावलंय ती, आणि दोघींचा गाडीतून दक्षिणेकडे प्रवास. नादी हसते, खाते, कंटाळते, पैसे संपले की मिळेल ते काम करते. तिघींमध्ये रेव्हीशी मैत्री जमेल अशी हीच. 'न्वार' जड गेली तर इकडे वळा, असं लिहिलं.

२१ फेब्रुवारी

'गन्स्लिंगर गर्ल'. हिच्यामुळे आख्खी यादी थांबून राहिली होती.

यू आइदा यांची मांगा, २००२ ते २०१२. पहिलं ॲनिमे २००३ मध्ये सुरू झालं, तेरा भाग, दिग्दर्शक मोरिओ आसाका, स्टुडिओ मॅडहाउस. म्हणजे तीन वर्षांनी रेव्हीला घडवणारंच घर. इटलीत 'समाजकल्याण' नावाखाली एक सरकारी खातं चालतं. मरणाच्या दारात असलेल्या लहान मुली ते उचलतं, त्यांना यांत्रिक शरीर देतं, औषधांनी मेंदू वळवतं आणि त्यांच्याकडून खून करवून घेतं. प्रत्येक मुलीला एक सांभाळणारा पुरुष. व्हायोलिनच्या पेटीत एफएन पी९० ही छोटी मशीनगन घेऊन फिरणारी हेन्रिएटा हा या मालिकेचा प्रसिद्ध चेहरा.

बाहेरून बघितलं तर हा सगळ्यात आक्षेपार्ह प्रकार: लहान मुली आणि मशीनगन. आत गेल्यावर कळतं की मालिका त्याच आक्षेपाबद्दल आहे. मेंदू वळवणारी औषधं आयुष्य कमी करतात, आठवणी पुसतात. अँजेलिका या पहिल्या मुलीला तिच्यासाठी रचलेली गोष्टसुद्धा आठवत नाही. हेन्रिएटाला तिच्या सांभाळणाऱ्या जोसेबद्दल वाटतं ते प्रेम आहे की इंजेक्शन, हे तिला ठरवता येत नाही आणि त्याला विचारायचा धीर होत नाही. क्लाएसचा सांभाळणारा मेलाय. तिला तो आठवत नाही, पण त्याने लावलेल्या सवयी उरल्यात. ती पुस्तकं वाचते, भाजीचे वाफे लावते. तिच्यावरचा भाग बघून मी शीट बंद केलं.

मैत्रिणीचा स्पष्ट नकार: "कणखर नायिका मागितली आहे. या मुली कणखर नाहीत, त्यांना कणखर केलंय." तिचं म्हणणं मान्य, निष्कर्ष अमान्य. रेव्ही तरी कुठे जन्माने कणखर होती? न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत आणि पोलिसांच्या हातून तिचं जे झालं ते ती रॉकला तुटक सांगते, तेव्हा आपण तेच ऐकत असतो.

तडजोड: यादीत राहील, पण सगळ्यात खाली, वेगळ्या चौकटीत, इशाऱ्यासह. दुसरा सीझन 'इल तेआत्रीनो' (२००८) वेगळ्या स्टुडिओचा आहे आणि चेहरेही वेगळे. खात्यातली त्रिएला आणि पिनोकियो हा मारेकरी यांच्या झुंजीसाठी बघावा, एरवी पहिला पुरेसा.

२४ फेब्रुवारी

'फॅंटम: रिक्वीएम फॉर द फॅंटम' (२००९, पुन्हा बी ट्रेन, पुन्हा माशिमो, पुन्हा सव्वीस). गेन उरोबुची यांच्या २००० सालच्या गेमवरून. अमेरिकेत खून पाहिलेल्या जपानी मुलाची स्मृती पुसून त्याला मारेकरी बनवतात; शिकवणारी मुलगी आइन. केंद्रस्थानी मुलगा आहे म्हणून मागे ठेवली, पण शिकवणीचे पहिले भाग उत्तम. शेवटच्या प्रसंगावर लोक अजून भांडतात.

'कानान' (२००९, पी. ए. वर्क्स, तेरा भाग). शांघाय. नायिकेला माणसांच्या भावना रंगांत दिसतात, त्यामुळे नेम चुकत नाही. मासाहिरो आंदो यांनी काढलेली पळापळ आणि गोळीबार बघतच राहावा. '४२८: शिबुया स्क्रॅम्बल' या गेमशी कथा जोडलेली असल्याने गेम न खेळलेल्याला काही धागे लोंबकळतात. पाचव्या रकान्यात पैकीच्या पैकी, चौथ्यात बरी. मैत्रिणीची आवडती.

२७ फेब्रुवारी

'गनस्मिथ कॅट्स'. इथे मी मोठ्या आनंदाने वाहवत गेलो.

केनिची सोनोदा यांची मांगा १९९१ पासून. ओव्हीए (टीव्हीऐवजी थेट व्हिडिओवर आलेलं ॲनिमे) १९९५-९६, फक्त तीन भाग, दिग्दर्शक ताकेशी मोरी. शिकागो. रॅली व्हिन्सेंटचं बंदुकांचं दुकान आहे आणि जोडीला पळालेले आरोपी पकडण्याचा धंदा. जोडीदारीण मिनी-मे हॉपकिन्सला स्फोटकांचं वेड. रॅलीचं पिस्तूल सीझेड ७५, तेही सुरुवातीच्या बनावटीचं. गाडी शेल्बी जीटी५००. सरकारी माणूस बिल कॉलिन्स परवान्यांवरून तिला कोंडीत पकडतो आणि तिच्याकडून काम काढून घेतो. कथा इतकीच.

हे जुनं असूनही यादीत वर का? इथे बंदूक हे कारागिराचं हत्यार आहे. काडतुसं मोजली जातात. मॅगझिन संपतं तेव्हा संपतं. कोणत्या नळीचा आवाज कसा, कोणतं पिस्तूल कुठे अडेल, हे रॅलीला माहीत आहे आणि त्या माहितीवर ती जगते. रेव्हीच्या पिस्तुलांतून गोळ्या संपत नाहीत अशी कुरकुर करणाऱ्या प्रेक्षकाला हे तीन भाग औषध म्हणून द्यावेत. शिवाय समोरच्याला ठार करण्यापेक्षा त्याचं हत्यार निकामी करण्याकडे तिचा कल, म्हणजे 'किंमत' रकान्यात वेगळंच उत्तर: ती किंमत टाळता यावी म्हणूनच ती इतकी तरबेज झाली आहे.

संगीत जॅझ ड्रमर पीटर अर्स्किन यांचं. रात्री दिवे मालवून बघा असं लिहिलं होतं, ते खोडलं गेलं.

मांगातल्या काही गोष्टी आज वाचवत नाहीत, विशेषतः मिनी-मेच्या वयावरून. ओव्हीए त्या भानगडीत पडत नाही. एका ओळीत हे सांगायचं.

२ मार्च

'लायकोरिस रिकॉइल' (२०२२, ए-१ पिक्चर्स, दिग्दर्शक शिंगो आदाची, तेरा भाग). नव्या प्रेक्षकाच्या तोंडी हल्ली हेच नाव. वरून बघितलं तर रेव्हीच्या विरुद्ध टोकाची: कॅफे, हसरी चिसातो, गंभीर ताकिना, गणवेश. चिसातो समोरच्याच्या हालचालीवरून गोळी कुठे येणार ते ओळखते, ती चुकवत जवळ जाते आणि जीव न घेणाऱ्या गोळ्या झाडते. पिस्तूल छातीशी आडवं धरायची तिची पद्धत लढाईच्या प्रशिक्षणातून उचललेली आहे, आणि जवळ जाऊन मारायचं असल्याने ती कथेलाही शोभते.

मला खटकतं ते वेगळं. गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगाराला गुपचूप संपवणारी मुलींची सरकारी फौज, आणि शहराला त्याचा पत्ता नाही. 'गन्स्लिंगर गर्ल' या मुद्द्यावर तेरा भाग झोपू देत नाही. इथे प्रश्न विचारला जातो आणि कॉफी येते. चिसातो-ताकिनाची मैत्री मात्र इतकी जिवंत आहे की तक्रार करताना आपलाच आवाज बारीक होतो. यादीत: 'ब्लॅक लगून'नंतर श्वास घ्यायला.

५ मार्च

आज खरी खडाजंगी. मी 'मिचिको तो हात्चिन' दुसऱ्या क्रमांकावर टाकली.

२००८, मँग्लोब, सायो यामामोतो यांचं दिग्दर्शन, बावीस भाग. ब्राझीलच्या चेहऱ्यामोहऱ्याचा देश. मिचिको तुरुंग फोडून पळते, दत्तक घरात छळ सोसणाऱ्या हात्चिनला स्कूटरवर बसवते आणि दोघी हिरोशी नावाच्या माणसाला शोधत निघतात. मागावर पोलीस अधिकारी आत्सुको, जी मिचिकोबरोबरच अनाथाश्रमात वाढली.

"बंदूक कुठाय?" मैत्रिणीचा पहिला प्रश्न. आहे, पण कमी. मिचिको जास्त करून मुठी, लाथा आणि स्कूटर वापरते. पण रेव्हीच्या चाहत्याला विचारा की तुला रेव्हीचं काय आवडतं. तो पिस्तूल म्हणेल, आणि मग दहा मिनिटं तिच्या तोंडाबद्दल, रागाबद्दल, कोणाची पर्वा नसल्याबद्दल आणि एका माणसाची चोरून पर्वा असल्याबद्दल बोलेल. ते सगळं मिचिकोत आहे. ती चुकते, खोटं बोलते, मुलीला वाऱ्यावर सोडून पुरुषामागे जाते आणि परत येते. इतकी बेजबाबदार नायिका लिहायला धाडस लागतं.

बराच वेळ कोणी मागे हटेना. शेवटी यादीचा आकारच बदलला. क्रमांक काढून टाकले. आता प्रत्येक विभागाच्या डोक्यावर रेव्हीची एकेक बाजू: 'तिचं तोंड आवडलं असेल तर', 'धंद्याचं जग आवडलं असेल तर', 'नेम आवडला असेल तर', 'तिच्या आतलं मेलेलं आवडलं असेल तर'. मिचिको पहिल्यात निर्विवाद. चौथ्या मथळ्याची भाषा बरी करायला हवी.

६ मार्च

पहिल्या विभागात अजून एक: 'अकिबा मेड वॉर' (२०२२, पी. ए. वर्क्स, बारा भाग). १९९९ मधलं टोकियोतलं अकिहाबारा, मोलकरणीच्या वेशातल्या मुली जिथे वाढतात ते मेड कॅफे याकुझा टोळ्यांसारखे लढतात. नवी मेड रांको ही पस्तिशीतली, थंड डोक्याची, अबोल. पहिल्या भागाच्या शेवटी रंगमंचावर गाणं चालू आणि त्याच्याच ठेक्यावर ती दुसऱ्या कॅफेत माणसं लोळवते. हसू येतं आणि हसल्याचं अवघडही वाटतं. विनोदाच्या आड जुन्या टोळीपटांतलं निष्ठा आणि सूड यांचं सगळं रडगाणं खरंखुरं आहे. 'ब्लॅक लगून'मधली चर्चमधून शस्त्रं विकणारी एडा ज्याला आवडली, त्याने बघावीच.

९ मार्च

कडेची नावं, भराभर.

मोतोको कुसानागी, 'घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' (२००२, केंजी कामियामा, सव्वीस भाग). मोठी बाई, हुकूम सोडणारी, कोणापुढे न वाकणारी. पण तिथे गोळीपेक्षा विचार जास्त सुटतात. सांगून द्यावी.

'सायको-पास' (२०१२). अकाने सुनेमोरीच्या हातातलं डॉमिनेटर समोरच्याचा गुन्हे-गुणांक मोजतं; शंभराच्या खाली असेल तर चाप अडकतो, तीनशेच्या वर गेला तर ठार मारण्याची मुभा. ठरवणारी बंदूक, ओढणारी ती. आमच्या 'किंमत' रकान्याला याहून चांगलं उदाहरण नाही, तरी कणखर गोळीबाजांच्या यादीत ती बसत नाही. रकान्याच्या प्रेमापोटी मालिका घुसडायची नाही, हे मैत्रिणीने सांगायच्या आधी मीच म्हटलं.

'गन गेल ऑनलाइन' (२०१८). एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर उंचीची लाजणारी कारेन गेममध्ये चिमुकली, गुलाबी कपड्यांतली लेन होते आणि पी९० घेऊन धुमाकूळ घालते. कोणी मरत नाही, किंमत शून्य, मजा भरपूर. पितोहुई या दुसऱ्या खेळाडूसाठी एक अधिक खूण.

२०११ मधली एक जादूच्या मुलींची मालिका आहे, तीत एकीला जादूने हल्लाच करता येत नाही म्हणून ती खऱ्या बंदुका पळवते. यादीत नाव टाकणं म्हणजेच गोष्ट फोडणं. ज्याला कळलं त्याला कळलं.

१३ मार्च

इशाऱ्यांचं काम. हे कंटाळवाणं वाटलं होतं, निघालं नाजूक.

'ब्लॅक लगून' पचवलेला माणूस सगळं पचवेल हे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीचे जुळे, हॅन्सेल आणि ग्रेटेल, यांची गोष्ट अनेकांनी अर्ध्यावर बंद केलीय. तिथे गोळ्यांचा त्रास होत नाही. त्या मुलांवर मोठ्यांनी काय केलं, ते सहन होत नाही. म्हणून 'हिंसा: खूप' असं लिहून भागणार नाही. कोणावर, कशी, आणि मालिका त्याकडे कशी बघते, हे लिहायचं. 'गन्स्लिंगर गर्ल'पुढे: 'लहान मुलींचा वापर हाच विषय.' 'अकिबा मेड वॉर'पुढे: 'विनोद समजून लहानांना बसवू नका.' 'मिचिको'पुढे: 'पहिल्याच भागात मुलीला मारहाण.'

'काइट' (१९९८) आम्ही दोघांनीही एकमताने वगळली. गोळीबार नावाजलेला आहे, हे खरं. त्यातल्या लैंगिक प्रसंगांमुळे ती कोणाला सुचवावीशी वाटत नाही, आणि कापलेली आवृत्ती शोधा म्हणून सांगण्यापेक्षा दुसरं काही सुचवणं सोपं.

१७ मार्च

विभाग पक्के.

तोंड आणि माज: मिचिको, रांको, आणि हलक्या हाताने नादी. धंद्याचं जग: 'जॉर्मुनगांड', त्यानंतर 'फॅंटम'. नेम आणि हत्यार: 'गनस्मिथ कॅट्स', 'कानान', शेवटी 'लायकोरिस'. चौथ्या विभागाचं नाव आता 'गोळी सुटल्यानंतर'. त्यात 'न्वार' आणि चौकटीत 'गन्स्लिंगर गर्ल'. मोतोको, लेन आणि डर्टी पेअर तळाला 'हेही आहे' म्हणून.

वेळ कमी असेल तर काय, हा प्रश्न येणारच. उत्तर वरच घातलं: एका संध्याकाळपुरतं हवं तर 'गनस्मिथ कॅट्स'चे तीन भाग; आठवडा असेल तर 'जॉर्मुनगांड'चा पहिला सीझन; महिना असेल तर 'न्वार'.

१९ मार्च

छापण्याआधी एकाला वाचायला दिली. त्याने 'ब्लॅक लगून' नुकतीच संपवलेली, टोकियोतल्या याकुझांची शेवटची गोष्ट बघून सुन्न बसलेला. त्याला मी अंदाजाने 'जॉर्मुनगांड' दिली असती. त्याने मथळे वाचले आणि थेट 'गोळी सुटल्यानंतर'वर बोट ठेवलं. म्हणाला, त्या गोष्टीतल्या युकिओचं जे झालं त्यावर काहीतरी हवंय, मारामारी पुरे.

मैत्रीण काही बोलली नाही. नंतर शीटमध्ये बघितलं तर 'किंमत' हा रकाना तिने चौथ्यावरून उचलून दुसऱ्या जागी आणून ठेवला होता आणि 'न्वार'पुढचे माझे अर्धे शब्द खोडले होते. ज्यांना ठेवलं ते बरोबर होते. उद्या यादी लावतो. 'मॅडलॅक्स'बद्दल विचारणा आली तर तिच्याकडे पाठवायची, असं ठरलंय.